अराता इझुमी: एका जर्सीसाठी सोडलेला पासपोर्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून किरकोळ साफसफाई केली आहे.)

आज फुटबॉल.

मला माहितीये, आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर फुटबॉल म्हटलं की निम्मे लोक पुढचा भाग लावतात. आपल्याकडे कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. ओहोटीला पुळण कडक झाली की पोरं स्टंप रोवतात, गोलपोस्ट नाही. पण उरणच्या एका श्रोत्याने प्रश्न पाठवलाय आणि तो चांगला आहे. ते विचारतात, "दादा, बांगलादेश इंग्लंडमध्ये वाढलेला खेळाडू आणतो आणि आपल्याला हरवतो. आपली एवढी माणसं जगभर आहेत, मग आपण का नाही आणत?"

याचं उत्तर एका माणसाच्या कारकिर्दीत आहे. त्याचं नाव अराता इझुमी. भारतीय पासपोर्टवर नीलकंठ खंभोळजा. वडील गुजराती, आई जपानी. खेळायची जागा मिडफिल्ड. त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात भरीव वर्षं गेली आपल्या मुंबईत आणि पुण्यात. तरी महाराष्ट्रात दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना हे नाव माहीत नसतं.

'कुठून आलास?'

"अलिबाग से आया है क्या?" हा टोमणा आपण सगळ्यांनी खाल्लाय. कोणीतरी त्यावर बंदी घाला म्हणून थेट मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. बरंच झालं. पण त्या टोमण्याचा अर्थ बघा. 'तू इथला नाहीस, तुला इथलं काही कळत नाही.' दोन देशांत मुळं असलेल्या खेळाडूला हाच प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी.

अराताचा जन्म ३१ जुलै १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आपल्यासारखंच समुद्राकाठचं गाव, फक्त शहराएवढं मोठं. जपानमध्ये आई-वडिलांपैकी एक जण परदेशी असलेल्या मुलाला 'हाफू' म्हणतात. इंग्रजी 'हाफ'चा जपानी उच्चार. अर्धा. आता गंमत म्हणजे आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलवाल्यांच्या तोंडी मिडफिल्डर हा शब्द नव्हताच. ते म्हणायचे राइट हाफ, लेफ्ट हाफ, सेंटर हाफ. बचाव आणि आक्रमण यांच्या मधला माणूस. दोन्हीकडे धावायचं, दोन्हीकडून शिव्या खायच्या. आई जपानी, बाप भारतीय, आणि मैदानातही मधोमध. हा मनुष्य सगळ्या अर्थांनी हाफ.

कोलकाता, मुंबई, पुणे

जपानमध्ये आणि मग सिंगापूरमधल्या अल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबकडून खेळून २००६ मध्ये तो भारतात आला, कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे. वय चोवीस. तिथून २००७ मध्ये मुंबईला, महिंद्रा युनायटेडकडे. आणि २००९ मध्ये पुणे एफसीकडे.

ईस्ट बंगालचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. महिंद्रा युनायटेड मात्र तरुण श्रोत्यांना सांगावं लागेल. हा कंपनीचा क्लब होता, १९६२ पासूनचा. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग त्यांनी जिंकली होती. मुंबईत कूपरेजवर यांचा सामना असला की ऑफिस सुटल्यावर लोक थेट मैदानात यायचे. पुणे एफसी २००७ मधला नवा क्लब. बालेवाडीला खेळायचा. आय-लीगमधल्या पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, तिसरा आला. २०१२-१३ मध्ये डेरिक परेरांच्या हाताखाली दुसरा. चर्चिल ब्रदर्स पहिले. महाराष्ट्रातला एखादा संघ देशात दुसरा येतो आणि त्याच्या मिडफिल्डमध्ये शिमोनोसेकीचा मुलगा असतो, ही गोष्ट आपल्या पेपरांत किती आली असेल? क्रिकेटच्या खाली दोन कॉलम.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. भारतीय क्लबांना मोजकेच परदेशी खेळाडू घेता येतात. ती जागा क्लब जपून वापरतो. बहुतेक वेळा ती जाते गोल करणाऱ्या स्ट्रायकरला नाहीतर उंचपुऱ्या बचावपटूला. नायजेरियाचा, ब्राझीलचा. मिडफिल्डरवर ती खर्च करायची म्हणजे त्या माणसाने आठवड्याला आठवडा सिद्ध करावं लागतं. अराता जपानी पासपोर्टवर होता, म्हणजे कायद्याने परदेशी. बाप भारतीय असला तरी. त्या कोट्यात तो वर्षानुवर्षं टिकला. बचावातून चेंडू घ्यायचा, वळायचं, मोकळ्या माणसाला द्यायचा, पुन्हा जागा शोधायची. टाळ्या स्ट्रायकरला मिळतात, पण सामन्याचा वेग हा माणूस ठरवतो.

एक पासपोर्ट खाली ठेवायचा

आता उरणच्या दादांच्या प्रश्नाकडे येऊ. बाप भारतीय आहे, खेळतो भारतात, मग भारताकडून का नाही?

कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. आपली राज्यघटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा, दोन्हींचं म्हणणं एकच: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत तर इथलं गेलं. २००५ पासून 'ओसीआय' नावाचं कार्ड आहे. नावात सिटिझन शब्द आहे, पण ते नागरिकत्व नाही. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. अलिबागकडे जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांना हे दुसरं कलम तोंडपाठ असेल!

पूर्वी काही खेळांत थोडी ढिलाई होती. प्रकाश अमृतराज अमेरिकन पासपोर्टवर भारतासाठी डेव्हिस कप खेळला आहे. २००८ च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने धोरण ठरवलं की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताची जर्सी. एक स्क्वॉशपटू याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०१० मध्ये न्यायालयाने सरकारचं धोरण कायम ठेवलं. दार बंद.

आणि दुसरीकडे जपान. त्यांचा कायदा आपल्याइतकाच कडक. स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जपानचं आपोआप जातं. म्हणजे अराताला दोन्ही ठेवायची सोयच नव्हती.

जरा विचार करा. जपानी पासपोर्ट म्हणजे जगातल्या सगळ्यात ताकदवान पासपोर्टांपैकी एक. व्हिसाच्या रांगा नाहीत. आपल्या ओळखीतलं कोणी आखातात जायचं, युरोपात जायचं, म्हणून कागद गोळा करत हिंडतं तेव्हा काय हाल होतात ते आपल्याला घरोघरी माहीत आहे. इथे एक माणूस उलट दिशेने चाललाय. आईच्या देशात जाताना पुढे स्वतःच व्हिसा काढायचा. आणि हे सगळं वयाच्या तिशीत, जेव्हा फुटबॉलपटूच्या पायात फार वर्षं उरलेली नसतात.

त्याने जपानी नागरिकत्व सोडलं. भारतीय पासपोर्ट घेतला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीत पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताच्या जर्सीत उतरला. परदेशी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळलेला पहिला फुटबॉलपटू म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तो सामना आपण २-४ असा हरलो.

भारताकडून तो एकूण किती सामने खेळला? दहाच्या आत. वय तीस उलटलेलं, त्यामुळे फार मोठी आंतरराष्ट्रीय कारकीर्द होणं शक्यच नव्हतं. पुढे इंडियन सुपर लीग आली. २०१५ मध्ये तो अ‍ॅटलेटिको द कोलकाताकडून खेळला, २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून, २०१७ मध्ये केरला ब्लास्टर्सकडून. आता मात्र भारतीय खेळाडू म्हणून. म्हणजे परदेशी कोट्यातली त्याची जागा सुटली आणि क्लबला तिथे आणखी एक परदेशी घेता आला. व्यवहाराच्या दृष्टीने बघितलं तर त्याच्या नागरिकत्वाचा राष्ट्रीय संघापेक्षा क्लबांना जास्त उपयोग झाला, असंसुद्धा म्हणता येईल.

तीन क्लब, तीन कुलुपं

मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? महाराष्ट्रात तो तीन क्लबांकडून खेळला. महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी, एफसी पुणे सिटी. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. तीनही आज नाहीत.

म्हणजे बघा, आपण त्या माणसाकडून काय मागितलं? कायमचं काहीतरी. जन्माचं नागरिकत्व, जे परत मिळवणं सोपं नसतं. आणि आपल्या फुटबॉलने बदल्यात काय दिलं? जे काही दिलं त्याला पाच-सात वर्षांत कुलूप लागलं. खेळाडूने निष्ठा आयुष्यभराची दाखवायची आणि व्यवस्थेने मात्र ताळेबंद बघून गाशा गुंडाळायचा. पासपोर्टवर वाद घालताना या बाजूबद्दल कोणी बोलत नाही.

बांगलादेशने काय केलं

आता शेजारी बघू. योगायोग असा की २०१३ मध्येच, अराता भारताकडून पहिला सामना खेळला त्याच वर्षी, बांगलादेशकडून जमाल भुइयां पहिल्यांदा खेळला. जन्म डेन्मार्कचा, खेळायची जागा मिडफिल्ड. पुढे तो त्यांचा कर्णधार झाला. बांगलादेशात अनेक देशांसोबत दुहेरी नागरिकत्व चालतं, त्यामुळे जमालला काही सोडावं लागलं नाही. त्या एका वाटेवरून मग बाकीचे आले. फिनलंडमध्ये वाढलेला तारिक काझी, कॅनडाचा शमित शोम, आणि सगळ्यात मोठं नाव हमझा चौधरी.

हमझाचा जन्म इंग्लंडमधल्या लफबरोचा. आई बांगलादेशी, सिलेट भागातली. जन्मदाते वडील कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाचे. लेस्टर सिटीच्या अकादमीत वाढला, २०२१ चा एफए कप जिंकणाऱ्या संघात होता, इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या संघाकडूनही खेळला. तोसुद्धा मिडफिल्डरच. २५ मार्च २०२५ रोजी शिलाँगला तो बांगलादेशकडून पहिला सामना खेळला. समोर आपणच होतो. ०-० सुटला. आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला ढाक्यात त्यांनी आपल्याला १-० हरवलं. बांगलादेशने भारताला हरवायची ही २००३ नंतरची पहिली वेळ. दादांच्या रागाचं मूळ हे.

आपल्याकडे अरातानंतर दुसरा माणूस यायला २०२५ उजाडलं. रायन विल्यम्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. आजोबा १९५० च्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. ढाक्याच्या त्या सामन्यासाठी तो संघाबरोबर गेलाही होता, पण कागद वेळेत पूर्ण झाले नाहीत, त्यामुळे खेळता आलं नाही. २०१३ ते २०२५. बारा वर्षांत दोन माणसं.

दोन्ही बाजूंचं खरं

इथे माझं मत सांगतो. तुम्हाला पटलं नाही तर लिहा.

एक बाजू म्हणते ओसीआयवाल्यांना खेळू द्या. परदेशात चांगलं प्रशिक्षण मिळालेली आपली पोरं आहेत, ती येतील, दर्जा वाढेल. दुसरी बाजू म्हणते हा शॉर्टकट आहे, इथल्या मुलाची जागा जाते, आणि ज्याला देशासाठी खेळायचंय त्याने पासपोर्ट घ्यावा. अराताने नाही का घेतला?

दोन्हीत तथ्य आहे. पण एक गोष्ट दोघंही बघत नाहीत. भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर त्याआधीचे बारा महिने भारतात राहिलेलं असावं लागतं, मधे थोड्या दिवसांची सूट सोडली तर. युरोपच्या लीगमध्ये पगार घेणारा खेळाडू हे करूच शकत नाही. त्याने वर्षभर इथे राहायचं म्हणजे तिथली नोकरी सोडायची. त्यामुळे आत्तापर्यंत ज्या दोघांनी हे केलं ते दोघंही आधीपासून भारतातल्या क्लबांत खेळत होते. अराता मुंबई-पुण्यात, रायन बंगळुरूत. म्हणजे आपला कायदा नकळत 'इथे राहिलेला माणूस' निवडतो. हमझासारखा खेळाडू त्या चाळणीतून कधीच येणार नाही.

हे वाईट की चांगलं? दर्जाच्या दृष्टीने वाईट, यात शंका नाही. पण अराताकडे बघितलं की मला वाटतं, इथे राहण्यालाही काही किंमत आहे. पासपोर्ट मिळण्याआधी सहा वर्षं तो आपल्या मैदानांवर खेळत होता. मुंबईचा घाम, पावसात साचलेलं पाणी, बालेवाडीच्या रिकाम्या खुर्च्या, सगळं त्याने बघितलं होतं. कागदावर तो २०१३ च्या आगेमागे भारतीय झाला असेल, पण भारतीय फुटबॉलपटू तो त्याच्या कितीतरी आधी झाला होता. मग मला कायद्यातला मधला मार्ग सुचतो तो असा: इथल्या लीगमध्ये जो ठरावीक वर्षं खेळलाय, ज्याचे आई-बाप किंवा आजी-आजोबा इथले आहेत, त्याला जन्माचं नागरिकत्व न सोडता खेळू द्यावं. आधी राहा, खेळ, मग जर्सी. रक्त मोजायचं नाही, पायांनी इथली माती किती तुडवली ते मोजायचं.

आणि हे आपल्या किनाऱ्याला तरी नवीन वाटू नये. आपल्याकडे माणूस 'इथला' कसा होतो? गावाचं नाव लावून. नागावकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर. ही आडनावं बेने इस्रायलींचीही आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आपण शनवार तेली म्हटलं, त्यांची मायबोली मराठी. अलिबागला इस्रायल आळी आजही आहे. मुरूडचे सिद्दी आफ्रिकेतून आलेले, जंजिरा त्यांचा. कोर्लईत अजून घरात पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, आणि पोर्तुगीज चौल सोडून गेले १७४० मध्ये! आपल्या पन्नास मैलांच्या पट्ट्यात एवढे 'हाफ' आहेत की अर्धा कोण आणि पूर्ण कोण हे ठरवायला बसलं तर संध्याकाळ होईल.

बेने इस्रायलींची कथा तर अराताच्या उलटी. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथलं नागरिकत्व घेतलं म्हणजे इथलं गेलं. पण आडनावातलं गाव गेलं नाही. त्यांची नातवंडं आळीतलं घर बघायला येतात तेव्हा कोणी त्यांना टक्केवारी विचारत नाही. चहा विचारतात.

पनवेलहून एक लोकल

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. खेळणं थांबल्यावर अराता जपानला परत गेला नाही. तो प्रशिक्षक झाला. नवी मुंबईत घणसोलीला रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही निवासी अकादमी आहे, २०१५ पासूनची. तिथे त्याने मुलांना शिकवलं, त्यांचे संघ घेऊन डेव्हलपमेंट लीगमध्ये उतरला.

पनवेलहून ठाण्याची ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की घणसोली येतं. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या वेशीपासून थोड्याच अंतरावर. ज्या माणसाने भारतासाठी दहाच्या आत सामने खेळले, त्याने पुढच्या पिढीतल्या किती पायांना चेंडू ताब्यात घ्यायला शिकवलं असेल याची मोजणी कोणी ठेवत नाही. क्लबांना कुलुपं लागली. हे मात्र त्या मुलांबरोबर पुढे जाईल.

म्हणून उरणच्या दादांना माझं उत्तर असं. होय, नियम बदलायला हवा, आणि त्यासाठी आवाज करायला हवा. पण बाहेरून कोणी येईल आणि जिंकून देईल या आशेवर बसायला नको. बांगलादेशकडे हमझा आहे हे खरं, पण ढाक्यातला तो एकमेव गोल शेख मोरसालिनने केला, त्यांच्याच मातीत वाढलेल्या पोराने. हमझा आला की शेजारचाही वर उठतो, हा खरा फायदा. आपल्याकडेही दोन-तीन हमझा आले तर हवेच आहेत. पण त्यांच्या शेजारी उभा राहणारा पोरगा कुठून येणार? तो अलिबागहून, उरणहून, मुरूडहून यायला हरकत काय? कोणी विचारलं "अलिबाग से आया है क्या", तर हो म्हणायचं आणि चेंडू मागायचा.

तुमच्या गावात फुटबॉल शिकवणारं कोणी असेल, शाळेत, वाडीत, किनाऱ्यावर, तर आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्यांच्याशी बोलू. आणि नियमाबद्दल माझ्याशी भांडायचं असेल तर तेही लिहा, भांडण वाचायला मला आवडतं.